चारशे एक

गणपती पेठेत, जिन्यावरच्या आमच्या खोलीत
कटिंग मशीन आलं, त्या दिवशी
शमशादनं मला त्याला कुंकू लावू दिलं
आणि आपली वाकड्या टोकाची कात्री
रुमालात गुंडाळून डब्यात ठेवली,
मेलेली पाल उचलून ठेवावी तशी.
मी काही बोलले नाही.
हप्ते माझ्या नावावर होते.

पहिलीच ऑर्डर धनपालशेठांची.
मुलीची हळद, पाहुण्यांच्या पिशव्यांना लावायला
हळकुंडाच्या आकाराच्या चिठ्ठ्या, चारशे एक.
"वरचा एक विसरू नका," ते जिन्यातून दोनदा ओरडले.

ठसा शमशादच्या भावानं कोरलेला,
मिरजेत, सतारीच्या दांडीतून उरलेल्या तुणीच्या तुकड्यात.
पाच बोटांचं हळकुंड, अंगावर वळ्या,
एका बोटाला शेतातून उपटतानाच मोडल्यासारखं टोक.
आम्ही पिवळ्या शाईत दाबत गेलो,
जाड कागदावर, आठ आठ,
पंख्याखाली वाळवले,
चिकट चटईवर कागद बसवला, बटण दाबलं.

मशीननं वरून दिवा फिरवला.
थांबलं.
स्क्रीनवर कोरा कागद.

पुन्हा दिवा. पुन्हा कोरा.
शाई दाट केली, खोलीतली ट्यूब बंद केली,
दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला,
मॅडम, फिका रंग घेत नाही हो ते, पिवळा तर नाहीच.

शमशाद हसायला लागली.
जिन्यावर बसून, पदर तोंडात धरून,
"सांगलीत आलंय आणि पिवळं दिसत नाही याला!"
खाली हळदीची पोती उतरत होती,
हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या.
मलाही हसू आलं, पण पोटात खड्डा.
पी हळद अन् हो गोरी, असं मी समजून बसले होते.

दुपारी तिनंच ठसा काळ्या शाईत बुडवला.
"एकदा ओळख करून देऊ या."
एकच काळं हळकुंड, कागदाच्या मधोमध.
मशीननं ते पाहिलं, कडेनं निळी रेघ ओढली,
मोडकं टोकही सोडलं नाही.
मग कोऱ्या कागदावर आठ आठ आकार कापले,
आणि आम्ही मागाहून, एकेकावर,
ठसा बोटानं चाचपून ठेवत, पिवळे केले.
उलटं काम. आधी अंग, मग जीव.

पाचव्या कागदाला शमशाद वाकली.
पातं नुसतं डावी-उजवीकडे सरकत होतं
आणि चटई आत-बाहेर, आत-बाहेर,
बोट आलं की थबकून, वळीवर हळू.
बराच वेळ ती बघत राहिली.
"अगं, हे पण कागदच फिरवतंय."
मला आठवलं, तिनं मला पहिल्या दिवशी शिकवलेलं:
कात्री जागची हलवायची नाही, कागद फिरवायचा.
तिला ते अब्बांनी शिकवलेलं,
भोपळ्यावर पानं कोरताना हत्यार नाही, भोपळा फिरवायचा.
तिनं मशीनच्या पाठीवर हात ठेवला,
गरम आहे का बघितलं.

पन्नास कागद. चारशे.

एकासाठी अख्खा कागद कोण वाया घालवणार?
तिनं डब्यातून रुमाल काढला.
सकाळच्या वाया गेलेल्या पिवळ्यांतलं एक उचललं,
खिडकीशी नेलं,
आणि ज्याची कड मशीनला दिसली नव्हती
त्याच्या कडेनं कापत गेली,
चष्मा कपाळावर.

खोक्यात टाकून तिनं सगळे हलवले.
"कुठलं तुझं?" मी विचारलं.
"मला माहितीय," म्हणाली,
आणि चटईवरचे कागदाचे बारीक चुरे
नखानं काढत बसली.

साडेसहाच्या मिरज गाडीत
तिनं तिकिटाचे पैसे पुढे केले,
कंडक्टर तिचा अंगठा बघून म्हणाला,
"मार्केट यार्डात कामाला काय, मावशी?"
"व्हय," शमशाद म्हणाली,
आणि खिडकीकडं सरकली.