खुलासा

मा. पर्यवेक्षिका मॅडम, मेढा,
आपली नोटीस लाँचवाल्या बाळकूच्या हाती मिळाली,
मुदत संपून नऊ दिवस झाल्यावर.
विषय : कु. कार्तिकी ढेबे, वय दोन वर्षे एक महिना,
हिचे वजन एका दिवसात
एक किलो तीनशे ग्रॅमने कसे वाढले.

नाही वाढले, मॅडम.
आमच्या मुऱ्यावर वजन दोनदा चढावे लागते.
एकदा मुलाच्या अंगावर.
ते तिच्या आईने केले, थोडे मी :
नाचणीची पेज, उकडलेले अंडे,
विकायला काढलेले आणि न विकलेले म्हशीचे दूध.
दुसऱ्यांदा ते फोनमधून वर चढावे लागते.
त्यासाठी आधी मला चढावे लागते,
सव्वा तास, माळावरच्या कातळापर्यंत.
तिथे उजव्या कडेला उभं राहून हात वर केला
की दोन काड्या येतात.
बसलं की एक.
शिंकलं की तीही जाते.
गुराखी पोरं त्याला रेंजचा धोंडा म्हणतात.
परवा कुणीतरी त्याला शेंदूर लावला.
मी पुसला नाही.

खाली धरणाचं पाणी, त्याखाली माझ्या सासऱ्यांचं शेत.
पलीकडच्या पठारावर रात्री पवनचक्क्यांचे लाल दिवे,
मोजले तर एकोणचाळीस.
वीज इथूनच जाते. जाताना दिसते.

टॉवर आहे. त्याचा फोटो आपल्याकडे असेल.
बॅटऱ्या आल्या नाहीत.
घारीने वर घरटं केलं,
पिल्लं वेळेवर उडाली,
टॉवरवरून गेलेली तेवढीच एक गोष्ट.

जूनचं वजन चढलं होतं. सात किलो नऊशे.
जुलै : धुकं, कातळावर शेवाळ, दोनदा घसरले.
वहीत आठ दोनशे.
ऑगस्ट : फोन भिजला. पाच दिवस तांदळात पुरून ठेवला.
तांदूळ माझ्या घरचा होता, आहाराचा नव्हे,
हे आधीच लिहून ठेवते.
वहीत आठ साडेसातशे.
सप्टेंबर : नऊ दोनशे. दोनदा तोललं,
काट्यावर माझाही विश्वास बसेना.

एवढ्या दिवसांत इथे कार्तिकी
भिंत धरून उभी राहिली, मग भिंत सोडून,
म्हशीला "मस" म्हणाली,
वजनाच्या झोळीतून उतरेना, झोका समजून.
तिथे आपल्या पडद्यावर ती सात नऊशेच होती,
लाल.
एकाच नावाच्या दोन मुली होत्या, मॅडम.
आपली मुलगी जेवत नव्हती.

चौदा ऑक्टोबरला ऊन पडलं.
धोंड्यावर सगळे महिने एकदम चढले.
फोनने सगळ्यांवर एकच तारीख मारली, त्या दिवसाची.
मी तिथेच बसून भाकरी खाल्ली, आनंदाने.
मग इंग्रजीत काहीतरी आलं, तांबड्या चौकटीत.
माझी बारावी मराठीतून.
नोंद संशयास्पद,
हे मला आपल्या नोटिशीतूनच कळलं.

यंदा इकडे कारवी फुललीय.
सात वर्षं नुसती काटकी,
आणि एका आठवड्यात आख्खा डोंगर जांभळा.
तिला कुणी खुलासा मागितला नाही.
हे वाक्य सरकारी कागदात बसत नाही, कळतंय,
पण पेनाने लिहिलंय, आणि खाडाखोड चालत नाही म्हणतात.

तरी मानधन कापू नये ही विनंती.
कार्तिकीला पुन्हा लाल करू नये ही दुसरी.
झेरॉक्स बामणोलीला होते, मशीन बंद आहे,
म्हणून मूळ वहीच बाळकूकडे देतेय,
प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत.
पान सतरा पाहावे.
वही परत पाठवावी.
नोव्हेंबरचं वजन तिच्यातच लिहायचं आहे.

आपली,
विजया शेलार
अंगणवाडी सेविका, सायळीचा मुरा