डाव्या हाताची करंगळी

गुरुवारी संध्याकाळी मी कपडे काढून
बोटींच्या जुन्या गोदामात उलट्या खोक्यावर बसते.
तोर्शहाव्नमध्ये याचं कुणाला काही वाटत नाही,
निदान माझ्यासमोर तरी नाही.
पायाशी विजेची शेगडी. उजवी पोटरी भाजते,
डावा खांदा गारठलेला.
नऊ जण गोल करून बसतात आणि कोळसा चालू लागतो,
खरखर, थांबतो, पुन्हा खरखर,
शेजारच्या खोलीत उंदीर असावेत तसा.

रान्वा एका बैठकीत अकरा कागद संपवते.
दिवसभर करखात्यात
दशांशचिन्हापुढचे दोन आकडे जुळवत असते ती.
इथे आली की तिचा हात खांद्यापासून सुटतो,
दावं तोडलेल्या वासरासारखा.
माझी पाठ म्हणजे तिची एकच रेघ,
मानेपासून निघते आणि कमरेशी पोचायच्या आत
कंटाळून कागदाबाहेर जाते.
पाय कधी असतात, कधी नसतात.
पण परवा तिच्या कागदावर
मी उठायच्या बेतात होते.
आणि खरंच होते. लघवीला लागली होती.
कुणाला बोलले नव्हते.

हानुस समोर बसतो,
गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढली.
जाळ्याची गाठ सैल राहिली तर मासा जातो,
कधी माणूसही,
एवढंच बोललाय तो आजवर.
पेन्सिल सुईसारखी. ऑक्टोबरपासून तो
फक्त माझा डावा हात काढतोय.
अख्खी मी त्याला नकोच आहे.
अंगठ्याच्या मुळाशी एक व्रण आहे,
माशांच्या कारखान्यातला, सत्त्याऐंशी सालचा.
तिथे पोचल्यावर त्यानं मान वर न करता विचारलं,
"वाकड्या पात्याची सुरी?"
मी म्हटलं, हो.
माझ्या नवऱ्याला सत्तावीस वर्षांत तो दिसला नव्हता.
म्हणजे दिसला असेल. विचारलं नव्हतं.

सुटीत मी कोट पांघरून, चहा घेऊन
सगळ्यांचे कागद बघत फिरते.
रान्वा हानुसच्या कागदापाशी थबकते,
म्हणते, "यात जीव गुदमरतो."
हानुस तिच्या कागदाकडे बघतो,
"यातून पाणी गळतं."
मग दोघं एका पुड्यातली बिस्किटं खातात.

आई स्वेटर विणताना सांगायची,
सैल टाका घातलास तर वारा आत येईल,
घट्ट घातलास तर डोकं आत जाणार नाही.
किती सैल, किती घट्ट,
ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही.
माझा एकही स्वेटर कुणाला नीट बसला नाही.

एकदा घरी मीही करून पाहिलं.
किटली काढली. तोटीशी तासभर झटले,
मग वैतागून उरलेली एका फटक्यात.
तोटी आणि पोट, एकाच कागदावर,
एकमेकांना ओळख देईनात.
कागद फाडला नाही. गरम किटलीखाली ठेवला,
टेबलाला डाग पडू नये म्हणून.

फेब्रुवारीत हानुस आला नाही.
भाचा आजारी पडला, त्याच्या जागी
आइसलँडच्या बाजूला गेलाय, कुणी म्हणालं.
दोन आठवडे. कदाचित तीन.
त्याचा फळा भिंतीला टेकून होता.
अंगठा आणि तीन बोटं,
नखांतल्या चंद्रकोरी, सांध्यांवरच्या वळ्या,
मोजल्याच असणार त्यानं.
करंगळीच्या जागी
फिकट पेन्सिलीचे दोन ठिपके.

मी खोक्यावर बसले.
रान्वा म्हणाली, आज हवी तशी बस,
हात मोकळा सोड.
मी मान सोडली, पाठ सोडली,
पोटही सोडलं, एरवी आत धरते ते.
डावा हात मात्र मांडीवर, पाच महिने होता तिथेच,
अंगठा आत, करंगळी जराशी उचललेली.
आधी मुंग्या आल्या. मग काहीच कळेनासं झालं.
समोरच्या रिकाम्या स्टुलावर
कुणाचा तरी मफलर पडला होता.
घंटा होईपर्यंत मी हात हलवला नाही.