पायलट

छातीवरच्या पट्टीवर लिहिलंय : सुपडू झुलाल कोळी
आणि त्याखाली, जरा ठळक : पायलट.
एकशेआठवर ड्रायव्हर म्हणत नाहीत.
आईनं विचारलं, "मंग तुनं इमान कथं शे?"
मी दारातली पांढरी गाडी दाखवली.
तिनं बोनेटला हळदकुंकू लावलं,
पंखांचं काही काढलं नाही.

शिकताना भामरे सर
स्ट्रेचरवर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवायचे.
चल, धुळ्याहून सोनगीर.
परत आलो की चादरीची ओल बोटांनी मोजायचे.
"हे पाणी नाही. कुणाचं तरी रक्त आहे, समज.
हळू. पण उशीर नको."
सतराव्या खेपेला चादर कोरडी निघाली.
सरांनी पेला उचलला, पिऊन टाकला
आणि पुढच्या पोराला हाक मारली.

शिरपूरला बदली झाली तर डोक्यावर खरी विमानं.
सकाळपासून एकच इंजिन घुमतं,
कपाशीवर टेकल्यासारखं करतं, पुन्हा उठतं.
शिकाऊ पोरं टपरीवर येतात, खांद्यावर एक पट्टी,
हिंदीत चहा मागतात, इंग्रजीत घाबरतात.
त्यातली गोरखपूरची शांभवी
माझी पट्टी वाचून हसली,
मग हसली म्हणून लाजली.
"तुम्हीपण?"
"हो. फक्त दोन हजार फूट खालून."

ती यादी पाठ करत होती :
इंधन, फ्लॅप, पट्टे, वारा.
मी माझी म्हटली :
डिझेल, ऑक्सिजन, स्ट्रेचरची खिट्टी, सायरन,
आणि पाड्याचा रस्ता ज्याला ठाऊक आहे
त्याचा मोबाईल नंबर.

एकटीनं पहिली फेरी मारून ती उतरली
तेव्हा सगळ्यांनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं.
रीतच आहे म्हणे.
ओल्या केसांनी टपरीवर आली,
"तुमची पहिली कोणती?"

माझी.
सातपुड्यातली चढण, मध्यरात्र, बाई अडलेली.
आरशात फक्त तडवी मॅडमची पाठ.
"सुपडू, थांबव."
थांबवायला सपाट जागा नव्हती.
चाकाखाली दगड लावला, मागं गेलो, टॉर्च धरली.
बाळ निळं.
मॅडमनी दोन बोटं ठेवली तेवढ्याशा छातीवर
आणि मोजू लागल्या. एक, दोन, तीन, श्वास.
एक, दोन, तीन, श्वास.
मीही मोजत होतो, आवाज न करता.
माझ्याआधीची दोघं अशीच गेली होती, घरात, चिमणीच्या उजेडात.
मला सुपात घालून पाखडल्यासारखं केलं,
म्हणून हे नाव.
तेव्हा तेवढंच करता येत होतं.
टॉर्च हलत होती. "धर नीट," मॅडम म्हणाल्या.
मग आवाज आला,
चाकाखालचा खडा सरकावा एवढा.
मी आधी चाकाकडंच पाहिलं.

पहाटे गाडीची फरशी धुतली. चार बादल्या लागल्या.
यातलं शांभवीला काही सांगितलं नाही.
"पाणी आमच्याकडंही लागतं," एवढंच म्हणालो.

परवा ती शेवटचा चहा प्यायला आली,
तास भरले, बॅग बांधलेली.
म्हणाली, "रात्री उडत होते तेव्हा
खाली एक निळा दिवा दिसला,
डोंगराकडं निघालेला, एकटाच.
तुम्हीच होतात ना?"

कोणत्या रात्री, विचारणार होतो.
फोन वाजला. बोराडीच्या पुढं, मोटारसायकल, दोघं.
ग्लास तसाच ठेवून उठलो.
मागून तिनं हाक दिली,
टपरीवाल्याकडून शिकलेल्या अहिराणीत,
"हयू हयू जाजो, भाऊ!"

सगळे लवकर म्हणतात.
भामरे सरांनंतर
असं मला कुणी म्हणालं नव्हतं.