आकसणी

खोकं आलं तेव्हा आप्पांनी आधी वजन केलं,
काट्यावर नाही, दोन्ही हातांवर.
"चार किलोला थोडं कमी," म्हणाले,
"आणि ह्यात पोर्शे हाय?"
इंद्रजित तिकडून फोनवर हसला.
किंमत त्यानं सांगितली नाही. मी शोधली,
आणि मीही सांगितली नाही.

सोमवार. उद्यमनगर बंद.
लेथ गप्प, समोरच्या शटरला टेकून कुत्रं आडवं.
आईच्या मिसळणाच्या डब्यातनं मोहरी-हळद निघाली,
वाट्यांत आल्या काळ्या पिना, निळ्या पिना,
करडे दांडे, नखाएवढी दातेरी चक्रं.
पुस्तक पंचांगाच्या तिप्पट जाड,
आणि आत नुसती चित्रं, आकडे, बाण.
आप्पांना ते फार आवडलं.
"ड्रॉइंग असं पायजे. बडबड न्हाई."

चाळीस वर्षं त्यांनी लाकडाचे पॅटर्न केले
शिरोलीच्या फौंड्रीसाठी.
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून पॅटर्न थोडा मोठा धरायचा.
त्यांची पट्टीच वेगळी होती,
तिच्यावरचा फूट जगाच्या फुटाहून किंचित लांब.
तिसरीत असताना मी तिनं उंची मोजून घेतली
आणि शाळेतल्या भिंतीपाशी
एका रात्रीत सेंटिमीटरभर वाढले.

व्हर्नियर निघाला. एक वीट मोजली,
मग दुसरी, मग पिशवीच्या तळातली कुठलीतरी.
चष्मा पुसून परत पहिली.
"प्लास्टिकबी आकसतंयच की गं.
कुणीतरी कुठंतरी ह्याचा साचा मोठा धरलाय.
बरोब्बर लागेल तेवढाच."
आणि मान हलवली,
परगावच्या पैलवानानं चांगला डाव टाकला
की हलवतात तशी.

फौंड्रीतनं पेट्या बोटीनं जायच्या.
तळहाताएवढा एक ब्रॅकेट, हजारांनी.
तो कुठल्या गाडीत, कुठं बसतो,
कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं.
आता पानापानावर ते थांबायचे.
शेवटी मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला बोट ठेवलं,
"हितं आसंल," म्हणाले,
आणि पान उलटलं.

गिअरबॉक्सला नऊ संध्याकाळी गेल्या.
दहाव्या दिवशी तिसरा गिअर टाकला
तर चाक मागं फिरलं.
ते पान मी लावलेलं, आप्पा झोपल्यावर, हौसेनं.
"वरनं बॉडी बसली की कुणाला दिसणार आहे?"
ते काही बोलले नाहीत.
सँडरनं नेलेल्या बोटाचं जे अर्धं उरलंय
त्याच्या बोथट टोकानं पिना ढकलत
पुस्तक शेवटाकडून वाचत निघाले.
मी भाकरी केल्या. पिठलं केलं. भांडी घासली.
अकरा वाजता ते माझ्या पानाला पोचले.
"तुझी आई हुकबी असाच उलटा लावायची,"
एवढंच.

गाडी झाली. शेंदरी, हातभर लांब.
तालमीतली पोरं बघून गेली.
"आप्पा, ॲव्हरेज किती देती?"
"ढकलशील तेवढं."
"नाद खुळा!" म्हणत एकानं दार उघडलं, मिटलं,
पुन्हा उघडलं, आणि मग लहान आवाजात विचारलं,
"मी एकदा तिसरा टाकू?"

एक तुकडा उरला. करडा, डाळीएवढा.
इंद्रजित म्हणाला, ते जास्तीचे घालतातच.
"जास्तीचं कोण कुणाला देतंय?"
आप्पांनी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं,
दोन रात्री, भिंग घेऊन.
तुकडा सदऱ्याच्या खिशात, औषधाच्या चिठ्ठीशेजारी.
चालताना हात तिथं जायचा.

काल धुणं आपटताना
दगडावर टक्कन काहीतरी वाजलं
आणि मोरीच्या जाळीकडं घरंगळत गेलं.
आतनं, टीव्हीच्या आवाजावरनं, ओरडले,
"घावला का गं?"