लिहून देणार

आन्दोङच्या अभिलेखागारात तापमान अठरा अंश,
जानेवारी असो की जुलै.
माझा स्वेटर तिथेच असतो, खुर्चीच्या पाठीवर.

तुतीच्या सालीचा कागद. घडीवर किडीने खाल्लेलं एक अक्षर,
बहुतेक 'तांदूळ'.
बाकी मजकूर नेहमीचा:
दुष्काळ पडला, सासू अंथरुणाला खिळली,
सबब मी राजीखुशीने, कोणाच्याही जबरदस्तीशिवाय,
स्वतःला आणि सहा वर्षांच्या मुलीला
तेरा न्याङांना कायमचं विकत आहे.
पुढेमागे कोणी हरकत घेतली
तर हा कागद सरकारात दाखवावा.
लिहून देणार: ओक्दान.
लिहून घेणाऱ्याच्या जागी नुसतं आडनाव आणि हुद्दा.

सही नाही, शिक्का नाही.
रीत अशी की बाईने उजवा पंजा कागदावर ठेवायचा
आणि लिहिणाऱ्याने त्याच्याभोवती कुंचला फिरवायचा.

प्राध्यापक पेक यांचा निबंध गेल्या वर्षी गाजला:
गुलामालाही करार करता येत होता,
म्हणजे कायद्याच्या नजरेत तो माणूस होता.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
तीनशे बारा पंजे मीच मोजले होते,
पट्टी लावून, मिलिमीटरमध्ये.

माणूस होता, खरंच.
नाहीतर विकणार कोण?

ओक्दानच्या पंजाची रेषा अखंड आहे.
हात दगडासारखा ठेवला असणार तिने.
शेजारचा छोटा पंजा मात्र
अंगठ्यापासून नीट निघतो आणि
पहिल्या बेचक्यात रेषा उडते,
शिंतोडा,
परत सुरू, परत उडते. चारही बेचक्यांत तेच.
तक्त्यात मी लिहिलं होतं: 'रेषा सदोष'.

काल बहिणीच्या मुलाचा हात वहीवर दाबून
पेन्सिल फिरवत होते.
बेचक्यात पोचले तसा तो खिदळला,
हात ओढून घेतला, आणि म्हणाला, परत कर ना.

गुदगुल्या.

साक्षीदार बसलेले, नाणी मोजून झालेली,
आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने
तिला गुदगुल्या झाल्या.
कारकून खेकसला असेल. किंवा त्यालाही हसू आलं असेल,
तेवढ्यापुरतं.
मनगटाशी शाईचा एक डाग आहे, मोठ्या अंगठ्याएवढा.
कोणीतरी तिचा हात धरून ठेवला होता.

'सदोष' खोडलंय.
रकाना दोन सेंटिमीटरचा.
पेक बाई विचारतात, तक्ता कधी देतेस?
देते, म्हणते मी,
एकच नोंद राहिलीय.