बेताची

शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंग बघायला आलेला
लुधियानाचा ग्रेवाल
माझ्या डंकाच्या दारात आधी एकदा शिंकला,
मग सलग अकरा वेळा,
आणि नाक पुसत म्हणाला, असली कोल्हापुरी यहीं मिलता है ना?

मी म्हटलं, बसा.
त्या पोत्यावर नको, संकेश्वरी आहे.
उठल्यावर कळेल.

चैत्र संपत आलेला. निम्मी रविवार पेठ
डबे घेऊन नंबराला.
डंक पडतोय, उठतोय, पडतोय,
त्याच्यावरनं आवाज काढायचा म्हणून आम्ही सगळे ओरडून बोलतो
आणि परक्याला वाटतं भांडण लागलंय.

त्याच्या गावच्या हॉटेलात म्हणे व्हेज कोल्हापुरी मिळते.
फ्लॉवर, गाजर, फरसबी,
वर दोन तळलेल्या मिरच्या, शिंगांसारख्या.
सुगंधा शिरगुप्पे नंबरातनंच म्हणाली,
असली भाजी मी जन्मात केली नाही,
केली असती तर सासूनं ताट सरकवलं असतं.

छत्तीस वर्षं चटणी कुटतोय मी.
ब्याडगी येते कर्नाटकातनं, रंगापुरती.
संकेश्वरी हद्दीच्या पलीकडची.
खोबरं तर समुद्राकडचं.
आमच्या मातीतनं निघतो तो ऊस,
काहिलीत रटरटतो, गूळ होतो,
शाहूपुरीत ढेपेवर ढेप चढते
आणि मुलूखभरचे लोक आमचं नाव घेऊन घाम पुसतात.

तेवढ्यात हिंदुराव आला, तालमीतला.
मान बैलाएवढी.
आईच्या चटणीचा डबा त्यानं अंगापासून असा लांब धरला
जसं कुणाचं तान्हं पोर, ओलं केलेलं.
वस्तादांनी बंद केलीय, म्हणाला.
दूध, बदाम, तूप. बास.
ग्रेवालनं त्याच्याबरोबर फोटो काढला
आणि खाली काय लिहायचं ते ठरवत बसला.

सगळ्यात जहाल कुणाची विचाराल
तर हंसाबेन शाहांची.
गुळाच्या अडत्याचं घर, चार पिढ्या इथलं.
किलोला पाव किलो लवंगी, मोजून, माझ्यासमोर.
मी एकदा म्हटलं, तुमच्यात डाळीतसुद्धा गूळ पडतो ना?
पडतो की, म्हणाल्या,
म्हणून तर ही लागते.

दुपारी पट्टा काढला. डंक गप्प.
मी विचारलं, तुमच्याकडं रोज लस्सी, एवढाले ग्लास?
त्यानं मागं वळून पाहिलं,
कुणी पंजाबी नाही ना, म्हणून असेल.
दूध सोसत नाही मला, म्हणाला.
लग्नाकार्यात ग्लास हातात धरून उभा राहतो,
कुणीतरी मेहुणा येईपर्यंत.

मग मीही माझा डबा उघडला.
दहीभात. फोडणीसुद्धा नाही.
गेल्या दिवाळीत दवाखान्यात नळी घालून बघितलंय,
आत म्हणे सगळं लाल.
चव बघायला आता बोटाचं टोकही लावत नाही,
वासावर चालतो.
घ्या म्हणून डबा पुढं केला
आणि लक्षात आलं, दही.
दोघंही हसलो.
सुगंधानं पदराआडनं भाकरी काढली, मी गुळाचा खडा फोडला,
लुधियाना जेवलं.

निघताना म्हणाला, अर्धा किलो करून द्या, खरी.
मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला पुढ्यात.
घरागणिक वेगळी. तीळ, धने, लसूण सगळं तोळ्यात,
फक्त मिरचीसमोर निम्म्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द: बेताची.

म्हणजे किती?

सुगंधानं मूठ दाखवली.
हंसाबेननं ओंजळ.
हिंदुराव पायरीवरनं म्हणाला, नकोच.

त्यानं बायकोला फोन लावला, स्पीकरवर.
पंजाबीत बराच वेळ समजावलं:
कोल्हापूर, मिरची, चिठ्ठी, बेताची.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
मग तिनं एवढंच विचारलं, कुणासाठी?

डंक बंद होता,
सगळ्यांनाच ऐकू गेलं.