सिक लाइन

सकाळी सॉफ्टवेअर उघडलं
आणि ते उंबऱ्यातच थांबलं.
तीनशे बारा प्लगिन. एकेकाला पुढे बोलावतं,
नाव विचारतं, कान धरून हलवतं, पास म्हणतं.
दोनशे सत्तेचाळिसाव्यापाशी पट्टी अडली.
नापास.
शेजारी करड्या अक्षरांत: बोगदा.

नेमका बोगदाच.

भुसावळात मे महिन्यात कूलर बंद करून
माणूस एक तर रेकॉर्डिंग करतो, नाही तर मरतो.
मी दोन्हींच्या मधे, बनियनवर.
कॅशे पुसली. पुन्हा तपासलं. नापास.
फाइल काढून दुसऱ्या फोल्डरात ठेवली, परत आणली,
रुसलेलं पोर चार दिवस मामाकडे ठेवून आणतात तशी.
नापास.
मशीन बंद करून चालू केलं.
याचा उपयोग नसतो, पण केल्याशिवाय
कुणाला फोनही लावता येत नाही.
नापास.

अकराला दामू सुरवाडे आले,
असोद्याहून, एसटीनं, पिशवीत केळी.
गेल्या साली गायलेली वही ऐकायला.
लावली.
डोळे मिटून ऐकत होते, मग एक उघडला:
"माझा आवाज असा आंघोळीतून उठून आल्यासारखा का?
काहीच नाही त्याच्या अंगावर."

काय सांगू?
की तुमच्या आवाजामागे जो अंधार होता
तो कुर्बान तडवीनं गोळा केलेला,
सातपुड्याच्या पायथ्याशी, बंद पडलेल्या एका बोगद्यात,
फुगे फोडत, माइक धरून, वटवाघळांच्या शिव्या खात;
आणि कुर्बान आता पुण्यात
कुठल्याशा बँकेचं ॲप सांभाळतो.

टर्मिनल उघडलं. काळ्या पडद्यावर
तपासणीसाचे प्रश्न भराभर वर सरकू लागले.
एक कान देतोस की दोन?
अकरा हजारावर चालशील? एक लाख ब्याण्णव हजारावर?
काहीच दिलं नाही, तर परत काय देशील?
बोगदा म्हणत होता: दोन. हो. हो. शांतता.
मग एक लाल ओळ.
घुमणं: किमान शून्य, कमाल दहा,
मूळ किंमत अकरा.

गेल्या वर्षीच्या तपासणीसानं हे विचारलंच नव्हतं.

मागे वडील उभे. चौतीस वर्षं यार्डात
चाकांवर हातोडी मारत हिंडलेला माणूस.
टण् वाजलं तर गाडी पुढे,
भद्द वाजलं तर खडूची फुली, डबा सिक लाइनवर.
चष्मा खाली राहिला होता, ओळ त्यांना दिसली नाही.
"फुटलंय की ढिलं आहे?"
"काय?"
"जे काय असेल ते. वाजतं वेगवेगळं.
फुली मात्र एकच मारायचो."

कुर्बानचा फोन तिसऱ्या नंबरावर लागला.
म्हटलं, बटण दहापर्यंत आणि तू लिहिलेत अकरा.
तो गप्प. मग ऑफिसातलं मराठी बाजूला ठेवून:
"मी मोजं व्हतं ना भो! बोगदा अकरा सेकंद बोलस.
तो काय मनं बटन पाहीसन बोलस का?"

रात्री साडेदहाला नवी फाइल आली.
कमाल: बारा. बाकी एक अक्षर हललेलं नाही.
दोनशे सत्तेचाळिसापाशी पट्टी किंचित रेंगाळली,
हातोडी उचलून धरल्यासारखी,
आणि पुढे गेली.

दामू संध्याकाळच्याच गाडीनं परतले होते,
केळी टेबलावर ठेवून.
ऐकायला आम्ही दोघंच, मी आणि खाटेवर वडील.
वहीचा शेवटचा शब्द थांबला
आणि त्याच्यामागचा अंधार चालत राहिला.
वडील बोटांच्या पेरांवर मोजत होते.
सात. आठ. नऊ.
तेवढ्यात यार्डात मालगाडीनं लांबलचक भोंगा दिला
आणि सगळंच त्यात गेलं.

"परत लाव," वडील म्हणाले.